शेवटची पोळी

अवधूता, सुंठवडा वाटून झाला, पाळण्याची दोरी सोडून ठेवली, मंडळी आपापल्या घरी गेली. मार्गशीर्षातली पौर्णिमा, त्यात गुरुवार, आणि हातपाय गारठवणारी थंडी. शिवारात कुणाची तरी मोटर चालू आहे, गव्हाला रात्रीचं पाणी सुटलंय. जयंतीच्या रात्रीची ही वेळ मी दरवर्षी तुझ्याकडून मागून घेतो. यंदा मागणं लांबलचक आहे. तुला तीन तोंडं आहेत म्हणजे कानही सहा असणार, त्यातले दोन तरी इकडे कर.

तू ज्या तसबिरीत राहतोस ती माझ्या आजोबांनी देवासहून आणली. ते पवारांच्या थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. एका गावात दोन राजे, रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल आणि त्या बाजूला दुसऱ्याचा. असल्या संस्थानात नोकरी करणारा माणूस तीन तोंडांच्या देवाकडे वळला यात मला कधी नवल वाटलं नाही. वडिलांची मास्तरकी पीपलरावांत आली, मागोमाग तूही बैलगाडीतून आलास. मागे गाय, पायाशी चार कुत्री. डावीकडच्या कुत्र्याचं तोंड आता कसरीनं खाल्लंय.

सहा-सात वर्षांचा असताना मी बाबांना विचारलं होतं, ही कुत्री कुणाची? बाबा म्हणाले, ती कुत्री नव्हेत, ते चार वेद. आणि ती गाय म्हणजे पृथ्वी. मी म्हटलं, पण यांना शेपट्या आहेत. बाबांनी उत्तर दिलं नाही.

तेव्हापासूनची माझी तक्रार आहे ती आज मांडतो. तुमच्या पोथ्यांत कुत्र्याला दार उघडतं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं. नामदेवांची भाकरी घेऊन कुत्रं पळालं, महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, आणि ते निघाले विठ्ठल. युधिष्ठिरामागून हिमालय चढत गेलेलं कुत्रं शेवटी यमधर्म निघालं. तुझ्या पायाशी बसलेले वेद निघाले. कुत्रं कुत्रंच निघालं आणि तरीही आत घेतलं, असं घडलं का रे कधी? उज्जैनचा कालभैरव तेवढा बरा. त्यानं आपल्या कुत्र्याला कुत्रंच राहू दिलं. आणि आमचा खंडोबा. बाकी रायगडावरचा वाघ्या. त्याचं स्मारक इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून झालं म्हणतात, आणि तो खरा की कल्पनेतला यावर माणसं अजून एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

आमची भाषाही तशीच. एखाद्याचे हाल कुत्रं खात नाही. भीक नको पण कुत्रं आवर. मरण वाईट आलं तर ते कुत्र्याचं मरण. मी चौतीस वर्षं मुलांना म्हणी पाठ करून घेतल्या आणि एकदाही माझी जीभ अडखळली नाही. पंत आला त्यानंतर अडखळायला लागली.

पंत तुला ठाऊक आहे. रोज तुझ्या आरतीला घंटा वाजली की जो पाचवा सूर लागायचा तो त्याचा. तरी सांगतो, कारण आज त्याच्याबद्दल बोलायला मला दुसरं कुणी उरलेलं नाही. सौ. त्याचं नाव काढलं की उठून आत जाते.

2012च्या आषाढात सोयाबीन पेरून परत येताना मोरीच्या पाइपात ते पिलू भिजत बसलं होतं. आई नव्हती, भावंडं नव्हती. गळ्यातल्या गमछ्यात गुंडाळून आणलं, दोन दिवसांनी सोडून देऊ म्हणून. चार दिवसांनी ते उंबऱ्यावर पुढचे पाय जुळवून, मान तिरकी करून बसलं, जसं काही कुणाचं गाऱ्हाणं ऐकून घेतंय. सौ. म्हणाली, अहो, हा तर कचेरीतला पंत. झालं. गल्लीतली माळवी मुलं त्याला पंतजी म्हणायची. रंग ओल्या मातीचा, एक कान उभा, दुसरा अर्ध्यात मोडलेला, शेपटीला पांढरं टोक. जात म्हणाल तर गावठी. पुण्याचे पाहुणे ‘ब्रीड कोणती’ विचारायचे तेव्हा मी ‘देशस्थ’ म्हणून सांगायचो.

भाषा त्याला आमच्यासारखीच मिसळलेली कळायची. घरात कुणी ‘हाड’ म्हटलं की बाहेर जायचा, बाहेर कुणी ‘हट्’ म्हटलं की घरात यायचा. इकडे रीत आहे, पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. आमच्या मराठी घरानं ती शेजाऱ्यांकडून उचलली. शेवटची पोळी तव्यावर पडली की वासावरून म्हण, वेळेवरून म्हण, पंत स्वयंपाकघराच्या दाराशी हजर. आत यायचा नाही. सोवळं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता एक कबुली. तुला माहीत आहे, पण मी कधी तोंडानं सांगितलेली नाही.

एका पितृपक्षात बाबांच्या तिथीला सौ.नं कावळ्यासाठी पान वाढून गच्चीवर ठेवलं. थोड्या वेळानं मी वर गेलो तर खीर-वडे गायब आणि पंत पानाजवळ बसलेला. पायातली चप्पल काढून मी त्याला दोनदा मारलं. जोरात. तो ओरडला नाही, चावला नाही, जिना उतरून तुळशीमागे जाऊन बसला. संध्याकाळी शेजारच्या मुलीनं सहज सांगितलं, काका, दुपारी तुमच्या गच्चीवर वानरं आली होती, पंतजी केवढे भुंकत होते. मी खाली आलो तेव्हा तो ओसरीवर झोपला होता. हनुवटी त्याच चपलेवर.

अवधूता, महाभारत कुठून सुरू होतं ते मी तुला काय सांगणार? आदिपर्वात, जनमेजयाच्या सत्रात. सरमेचं पोर तिथे येतं, राजाचे भाऊ त्याला बडवतात, ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू हविष्याकडे पाहिलंस का, जीभ लावलीस का? पोर म्हणतं, नाही. मग ती कुत्री सरळ यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? कुणापाशी उत्तर नसतं. एवढा मोठा ग्रंथ एका कुत्रीच्या या प्रश्नानं दार उघडतो आणि स्वर्गाच्या दाराशी पोचतो तिथे पुन्हा एक कुत्रं उभं असतं. मधली सगळी राज्यं, जुगार, युद्ध आम्ही वाचतो, ही दोन टोकं विसरतो. मी वर्गात सरमेची गोष्ट दरवर्षी सांगायचो. चप्पल काढताना ती आठवली नाही.

त्या दोन फटक्यांची क्षमा तू देऊ नकोस. ती तुझ्याकडची नाहीच. ज्याच्याकडे होती त्यानं ती त्या दिवशीच संध्याकाळी देऊन टाकली होती. मला फक्त हात आवरण्याची बुद्धी दे, कारण घरात आता जी आली आहे ती हात वर गेला की जमिनीला चिकटते. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेला तरी.

पंत गेला तो पौषात. आधी पाणी फार प्यायला लागला. आम्हाला वाटलं, बरं आहे. मग तोंडाला वास यायला लागला, पोळी हुंगून ठेवून द्यायचा. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. 1955पासूनचं ते कॉलेज, आमच्या माळव्यातली कितीतरी गुरंढोरं त्या ओट्यावर उभी राहून बरी झालेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्यापेक्षा वयानं निम्म्या असलेल्या त्या माणसानं मला बाकावर बसवून सांगितलं, मूत्रपिंडं गेली आहेत, वयही झालं, सलाईननं थोडे दिवस मिळतील. अकरा मिळाले. शेवटच्या रात्री त्याला उभं राहता येत नव्हतं, तरी आरतीच्या घंटेला त्यानं मान उचलली. सूर निघाला नाही. विहिरीजवळच्या बांधावर उंबर आहे, त्याच्याखाली त्याला ठेवला. उंबर मुद्दाम निवडला नव्हता, तिथली माती मऊ होती म्हणून. परत आल्यावर लक्षात आलं की तुझ्याच झाडाखाली ठेवून आलो.

पुढे दहा महिने सौ.चा हात शेवटची पोळी करतच राहिला. गल्लीतल्या कुत्र्यांना ती घातली जायची, आणि कुत्री खायचीही, पण घालून आल्यावर सौ. बराच वेळ पोळपाट धुवत बसायची.

या महिन्यांत मी एकनाथी भागवत काढलं. काशीत 1573 साली नाथांनी ते पुरं केलं, आमच्याकडे बाबांच्या हातची खुणा केलेली प्रत आहे. एकादश स्कंधात तुझे चोवीस गुरू. पृथ्वी, वारा, पाणी, अग्नी, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, मासा, पिंगला वेश्या, बाण करणारा लोहार, कोळी, कुंभारीण माशी. मी बोट ठेवून दोनदा मोजले. कुत्रं नाही. पायाशी चार बसवलीस आणि गुरूंच्या यादीत एकालाही घेतलं नाहीस! हे काय रे? अजगराकडून शिकलास आणि जो दारात बसून रात्र काढतो त्याच्याकडून काही घेतलं नाहीस?

घेतला आहेस तो कपोत. पिलं जाळ्यात अडकली म्हणून कपोती त्यात गेली, तिच्यामागून तो स्वतः गेला, पारध्याला सगळं घर आयतं मिळालं. धडा असा, की फार माया लावू नये. बाबांच्या मूळ भागवतात, पाचव्या स्कंधात, तर राजा भरत. राज्य सोडून वनात गेला, नदीतून वाहत आलेलं हरणाचं पाडस उचललं, त्याच्यात जीव गुंतला, मरताना तेच डोळ्यांपुढे, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. बाबांनी इथे समासात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘सावध’. बहुधा स्वतःसाठीच लिहिलं असेल. त्यांचीही एक गाय होती.

पण मग युधिष्ठिराचं काय? त्याला इंद्र म्हणाला, कुत्रं सोड, रथात बस. तो म्हणाला, आश्रयाला आलेल्याला सोडून मला स्वर्ग नको. भरतानं पाडस धरलं तर तो घसरला, आणि यानं कुत्रं सोडलं नाही तर तो चढला. दोन्ही गोष्टी तुमच्याच. मी कितीदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. भरत एकटा पडला होता, त्याला पाडस हवं होतं. युधिष्ठिराला कुत्रं हवं होतं असं कुठे म्हटलेलं नाही, कुत्र्याला तो हवा होता. एवढाच फरक मला दिसतो, आणि तो खरा असेल तर पंताच्या बाबतीत मी पुरता भरत आहे. असू दे. पुढचा जन्म कुत्र्याचा दिलास तरी चालेल, फक्त मोरीच्या पाइपात एकटं ठेवू नकोस.

दुसरं कुत्रं आणायचं नाही असं मी ठरवलं होतं. कारणं दोन होती. एक सांगितलं. दुसरं जुनं आहे आणि तेही तुझ्यापुढे ठेवायला हवं, नाहीतर हे सगळं एकाच बाजूचं होईल.

1984 साली मी नवा मास्तर होतो. माझ्या वर्गातला एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, अक्षर मोत्यासारखं. त्याला पिंडरीला कुत्रं चावलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, त्या नुसत्या आकड्याला घरं घाबरायची. त्याला झाडणाऱ्याकडे नेलं, जखमेवर मिरची बांधली. दीड महिन्यानं तो शाळेत आला नाही म्हणून मी घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला होता आणि त्याचा गळा आवळून येत होता. एवढंच सांगतो. पुढे दरवर्षी शाळा उघडली की पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहायचो: चावलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस घ्या. लस आता दंडात देतात, मोजके डोस. लक्षणं दिसायला लागली की मात्र आजही जवळपास काही हाती राहत नाही. पाश्चरनं 6 जुलै 1885 रोजी ज्या मुलाला पहिली लस टोचली तो जोसेफ माइस्टरही नऊ वर्षांचाच होता. हे मी शिकवायचो आणि दरवेळी मला ते दुसरं अक्षर आठवायचं.

म्हणून या 2025च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर कुत्र्यांचा खटला चालू झाला तेव्हा मी कुठल्याच बाजूनं ओरडू शकलो नाही. 11 तारखेला सुप्रीम कोर्ट म्हणालं, दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून आश्रयघरात ठेवा. 22 तारखेला तिघा न्यायमूर्तींनी ते बदललं: नसबंदी करून, लस टोचून जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेलं किंवा फार अंगावर येणारं असेल तर मात्र नाही. पुन्हा 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून काढा आणि परत तिथे सोडू नका. मधल्या त्या निकालात एक ओळ होती ती सगळ्यांच्या भांडणात हरवली. ज्यांना कुत्र्यांची माया आहे त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज करून दत्तक घ्यावीत, आणि घेतलेलं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची.

देवा, कायद्याच्या कागदात ‘दत्तक’ हा शब्द कुत्र्याच्या शेजारी बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. रात्रभर तो शब्द डोक्यात. दत्त म्हणजे दिलेला. अत्रीला, अनसूयेला तू स्वतःला देऊन टाकलंस म्हणून तू दत्त, अत्रीचा म्हणून आत्रेय. आणि जो दुसऱ्याच्या घरात दिला जातो तो दत्तक. एवढी वर्षं तुझं नाव घेतोय, हे कधी कानावर पडलं नव्हतं. तुझ्या नावावरून नुसतं एक ‘क’ पुढे गेलं की पोरकं लेकरू लागतं.

आणि आम्ही कुठल्या मुलखात राहतो ते बघ. देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे, ज्यांच्याकडे तो इंग्रज लेखक फॉर्स्टर नोकरीला होता, ते दत्तक. झाशीच्या राणीचा दामोदरराव दत्तक. दत्तक घेताना त्याचं आनंदराव हे नाव बदललं, दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव गेले, आणि डलहौसी म्हणाला, हा वारस आम्ही मानत नाही. त्या नकारातून पुढे काय पेटलं ते सगळ्यांना ठाऊक. तो मुलगा मात्र इंदूरला राहिला आणि 1906 मध्ये तिथेच वारला. आमचे आजोबा सांगायचे, दत्तकाला घर मिळतं, पण ‘हा आमचाच’ असं लोकांनी म्हणायला पिढी जावी लागते.

मी हे सगळं मुलीला फोनवर सांगितलं. ती पुण्याला असते. म्हणाली, बाबा, व्याख्यान पुरे, मी अर्ज भरलाय.

इंदूरच्या त्या आश्रयघराचं नाव इथे घेत नाही, तुला पत्ता माहीत आहे. पत्र्याची शेड, ओळीनं जाळ्या, फिनेलचा वास, आणि आम्ही आत पाऊल टाकताच उठलेला तो कालवा. सगळी जाळीला चिकटली, पंजे बाहेर काढून. एक सोडून. ती मागच्या भिंतीला पाठ लावून बसली होती आणि आमच्याकडे पाहतही नव्हती. कार्डावर लिहिलेलं: मादी, देशी, अंदाजे दोन वर्षं, नसबंदी झाली, रेबीजची लस दिली, मागचा डावा पाय गाडीखाली. कानाला नसबंदीची खाच. सौ. तिच्यासमोर खाली बसली, गुडघे दुखतात तरी. बराच वेळ बसली. मग म्हणाली, हिला घेऊ या, हिला कुणी घेणार नाही.

तिथल्या मुलीनं माझ्या आधारची प्रत घेतली, घराचे फोटो बघितले, फाटकाला कडी आहे ना विचारलं, दत्तकपत्रावर सही घेतली. होमहवन नाही, पण विधान ते विधानच. निघताना म्हणाली, ‘अंकल, तीन दिन डरेगी, तीन हफ्ते देखेगी, तीन महीने में आपकी हो जाएगी.’ तो दिवस 12 नोव्हेंबरचा. घरी येऊन पंचांग बघितलं तर कालभैरव जयंती. आमचा कार्तिक वद्य, शेजाऱ्यांचा अगहन, महिन्यांच्या नावांत माळव्यात हा घोळ कायमचा. अष्टमी तेवढी दोघांची एकच. आम्ही काही तिथी बघून गेलो नव्हतो. आश्रयघरानं दिलेली वेळ ती होती. पण तुम्ही देव लोक आपसांत बोलता की काय असं मला वाटून गेलं.

आज बावीस दिवस झाले.

पहिले तीन दिवस ती पलंगाखालून निघाली नाही. रात्री आम्ही झोपलो की नखांचा आवाज यायचा, टिक टिक, एक पाय ओढल्यासारखा. घर हुंगत फिरायची. पंताची जुनी गोधडी मी माळ्यावर टाकली होती, ती सौ.नं काढून अंथरली. ही त्या गोधडीपाशी गेली, चहूकडून हुंगली, आणि तिथे बसली नाही. शेजारी फरशीवर बसली. अजून तशीच बसते. एवढ्या थंडीत. पंताचा पट्टा खुंटीला आहे, मी एकदा हातात घेतला होता, पुन्हा खुंटीला लावला. हिच्यासाठी नवा आणला.

आणि मी काय करतो ते ऐक. ती दाराशी आली की माझे डोळे आपोआप पांढरं टोक शोधतात. घंटा वाजवताना मी एक क्षण थांबतो, कुणी सूर लावतंय का म्हणून. ती गप्प असते. मग मला तिचा राग येतो. हे तुला सांगायला लाज वाटते, पण येतो. त्या जिवानं कुणाची जागा मागितलेली नाही, ती तर त्याची गोधडीही घेत नाही, आणि मी तिच्याकडून बारा वर्षांचं उसनं मागत बसतो.

म्हणून हे मागणं. पंत मला विसरू देऊ नकोस. ‘आसक्ती सोड’ वगैरे तुझे चोवीस गुरू दुसऱ्या कुणाला पाठव, मी आता सत्तरीत नवीन शाळेत बसणार नाही. पण त्याच्या आठवणीला हिच्यावर बसवू नकोस. हिला गाणं येत नसेल तर न येऊ दे. हिचं नाव अजून ठेवलेलं नाही, आम्ही ‘अगं’ म्हणतो आणि ती कान हलवते. सुचलं तर सुचव, नाहीतर ‘अगं’ काय वाईट. तिच्या झोपेत जे काही तिच्या मागे लागतं, गाडी असेल, दगड असेल, कुणाचा हात असेल, त्याला माझ्या फाटकाच्या बाहेर ठेव. झोपेत ती पाय मारते आणि बारीक आवाज काढते, तेव्हा मी हाक मारू की नको हे मला कळत नाही. तेवढं कळू दे.

माझं वय तू मोजलेलं आहेस. ही दोन वर्षांची. हिशेब मीही केलाय आणि मुलीकडून शब्द घेतलाय, पण तरी तूही बघ. आमच्यापैकी कुणीतरी हिच्यामागे राहायला हवं, हिला दुसऱ्यांदा त्या भिंतीला पाठ लावून बसायची वेळ येता कामा नये.

त्या मोत्याच्या अक्षराच्या मुलासाठी मी दर जयंतीला मागतो ते यंदाही मागतो. आणि रस्त्यावर काठी घेऊन शाळेत जाणाऱ्या लेकरांसाठी. त्यांची भीती खोटी नाही. गावाला डॉक्टर दे, लस दे, नसबंदीची गाडी दे, आणि त्या गाडीवरच्या माणसांना थोडा दम दे. आश्रयघरातल्या बाकीच्या जाळ्या माझ्यानं रिकाम्या होणार नाहीत. ती मुलगी रोज फिनेल टाकते, तिची पाठ राख.

तसबिरीतल्या त्या डावीकडच्या कुत्र्याचं तोंड मी आता कुणाकडून रंगवून घेणार नाही. वेद असेल तर त्याला तोंडाची गरज नाही, आणि कुत्रं असेल तर हुंगून काम भागेल.

एक राहिलंच. पोळीचं. आल्यापासून ती शेवटची पोळी तोंडात धरून अंगणात न्यायची आणि जास्वंदीच्या वाफ्यात पुरायची. आम्ही बघत असलो की खायचीच नाही. वाफा उकरून उकरून सौ.ची दोन रोपं मेली, तरी सौ. काही बोलली नाही. रोज एक पोळी जमिनीत. उद्या मिळेल याची तिला खात्री नव्हती.

आज पाळण्यानंतर सौ.नं पुरणाची शेवटची पोळी तूप लावून दारात ठेवली आणि आम्ही दोघं मुद्दाम दुसरीकडे बघत बसलो. ती पोळी घेऊन अंगणाकडे निघाली. पायरीपर्यंत गेली. थांबली. मग ओसरीवरच, आमच्याकडे पाठ करून, उभ्या उभ्या तिनं ती खाल्ली. सगळी.